अकराशे ऐंशी ग्रॅम

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अकराशे ऐंशी ग्रॅम! माझ्या नातीचं वजन. आमच्या सायखेड्याच्या मळ्यातला कोबीचा गड्डा याहून जड भरतो. पण गड्ड्याला नखं नसतात. हिला वीसही आहेत. मी काचेतून मोजली. दोनदा.

ही वही तृप्ती सिस्टरनं दिली. म्हणाली, "आजी, बाळ छातीशी धरायला लागलात की रोज किती तास धरलं, नळीनं किती दूध गेलं, ते यात लिहायचं. लिहिता येतं ना?" म्हटलं, चौथी पास आहे. कधी झाले ते विचारू नको! हसली पोरगी. पण अजून धरायला दिलेलं नाही. मग रिकामी वही घेऊन काय करायचं? लिहीत बसले.

आज पाचवा दिवस. घरी असतो तर पाचवी पुजली असती. पाट्यावर सटवाई मांडायची, तिच्यापुढं कोरी वही आणि पेन ठेवायचं. ती येते आणि बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते. इथं कुठली पाचवी! हळद नाही, कुंकू नाही, काचेच्या पेटीला बोट लावायचं नाही. आणि नेमकी आजच कोरी वही माझ्या हातात! अंगावर काटा आला. पहिलं पान सोडलंय तिच्यासाठी. दुसऱ्यापासून माझं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर काचेशी. पातळ कातडी, आतल्या शिरा दिसतात, शेवंतीची पाकळी उन्हात धरली की दिसतात तशा. पाठीवर बारीक लव. कान अजून मऊच, दुमडला तर दुमडलेलाच राहतो. नाकात नळी, तोंडात नळी, पायाला ऑक्सिजन मोजायचा तांबडा दिवा लागलेला. नऊ महिन्यांचं मूल आपण तयार झालेलं बघतो. हे तर घडताना बघायचं! देवाच्या कारखान्यात चोरून शिरल्यासारखं वाटतं.

साधना, माझी सून, खालच्या मजल्यावर. ताप उतरत नाही. गोरक्ष, माझा लेक, वरून खाली, खालून वर. आज त्याला म्हटलं, बस जरा. तर म्हणतो, "आई, बसलो की भीती वाटते."

१५ फेब्रुवारी, रविवार

हे कुणाला बोललेले नाही. कागदाला सांगते.

संक्रांतीपासून साधनाला लघवीला जळजळ होत होती. "आत्याबाई, लय आग होतीय हो." मी म्हटलं, उन्हाळी लागली असंल. धने-जिरे भिजत घातले, गाळून खडीसाखर घालून दिलं. बेंबीवर ओलं फडकं ठेवायला लावलं. माझ्या आईनं मला दिलं तेच मी हिला दिलं. दोन दिवस बरं वाटायचं, की परत सुरू. भर थंडीत कसली उन्हाळी लागते, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही!

आरोग्य केंद्राच्या आशाताई, सगुणाबाई, दारावर आल्या होत्या. "साधनाची लघवी तपासायची राहिली, उद्या केंद्रावर पाठवा." मी म्हटलं, शेवंतीची तोडणी चालू आहे, जाईल पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा आलाच नाही.

मग त्या शनिवारी तिनं कंबर धरली. वाकून वाकून भरली असंल म्हणून मी तेल चोळलं, वीट गरम करून शेकलं. दुखायचं, थांबायचं. पोट दगडासारखं व्हायचं, परत सैल. तीन बाळंतपणं झालेली बाई मी, मला कळू नये? पण सातव्यात कळा येतील असं मनातच येत नाही! रविवारी सकाळी पाणी गेलं, तेव्हा पळालो नाशिकला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जळजळ कधीपासून होती? महिना? मग दाखवलं का नाही?" मी तिथंच उभी. साधनानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मीच अंगावर काढलं, मॅडम."

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला सुया देतात. चार सुया, बारा-बारा तासांनी. दोनच बसल्या. सोमवारी उजाडता उजाडता बाळ आलं. मी शनिवारी वीट गरम करण्याऐवजी गाडी काढायला सांगितली असती तर चारही बसल्या असत्या.

ती जगली पाहिजे. बाकी काही मागत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज दिली! माझ्याकडं!

आधी तृप्ती सिस्टरनं झडती घेतली. "आजी, मशेरी लावता?"

"लावते. सकाळी थोडी."

"मग नाही जमायचं."

"अगं दाताला लावते, बाळाला थोडीच लावते!"

"वाससुद्धा नको. आणि पोटुशी बाई असंल घरात तर तिनं हातसुद्धा लावायचा नाही त्या डबीला. त्यानं बाळ लवकर येतं, बारीक येतं." साधना लावत नाही, देवाची कृपा. मी डबी तिथल्या तिथं कचऱ्याच्या डब्यात टाकली. चाळीस वर्षांची सोबत! मागं वळून बघितलं नाही.

मग आंघोळ, नखं कापली, बांगड्या काढल्या. "आता ब्लाउज काढा." अगं बाई! म्हटलं, या वयात? "पडदा ओढलाय आजी, आणि तुमच्याकडं बघायला कुणाला वेळ हाय इथं?" बरोबर आहे म्हणा.

आरामखुर्चीत बसवलं. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बस. उघड्या छातीवर उभं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला वळवून. वरून कापडी पट्टा. पहिल्यांदा काही लागलंच नाही. वजनच नाही तर लागणार काय? मग ऊब लागली. मग खुडबुड. मग एक एवढासा सुस्कारा.

मशीनवर ऑक्सिजनचा आकडा होता अठ्ठ्याऐंशी. नव्वद झाला. त्र्याण्णव. पंचाण्णव! सिस्टर म्हणाली, "बघा, काचेच्या पेटीपेक्षा तुम्ही बऱ्या."

बासष्ट वर्षं हे अंग घेऊन फिरले. शेण काढलं, फुलं तोडली, तीन पोरं पाजली. या अंगात असलं काही आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

ह्यांचा फोन आला, "काय चाललंय गं तिकडं?" म्हटलं, मी मशीन झाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सहा तास. दूध चार मिली, दर दोन तासांनी. चार मिली म्हणजे चहाचा चमचासुद्धा भरत नाही. साधना तापातही खालून दूध काढून पाठवते. वाटीत तळाला पिवळं, घट्ट. सिस्टर म्हणते सोनं आहे हे, थेंब सांडू नका.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

येवल्याहून विहीणबाई आल्या, कुसाबाई. साधनाची आई. त्यांच्या घरी पैठणीचा माग आहे, हात सदा चालू, तोंडही. आल्या आल्या काचेला नमस्कार. मग मला म्हणाल्या, "सातव्याचं हाय ना? मग जगतंय. आठव्याचं नसतं जगलं."

तृप्ती सिस्टर पाठीमागंच होती. "मावशी, उलटं हाय. पोटात जेवढे दिवस जास्त, तेवढं बाळ पक्कं. आठव्याचं सातव्याहून बरं, नवव्याचं आठव्याहून."

"मग माझी सासू काय खोटं बोलायची?"

"तुमच्या सासूला विचारा, तेव्हा सातव्याची जगली किती?"

विहीणबाईंनी पदराच्या गाठीतून अंगारा काढला, बाळाला लावायचा म्हणून. मी हात धरला. "विहीणबाई, चोळा माझ्या कपाळाला, तिला नको. तिची कातडी पिकलेली नाही अजून." लावला मला. एवढा मोठा!

मग मी बाळाला छातीशी घेतल्यावर खिडकीशी बसून म्हणाल्या, "माझीच पोर येडी. महिनाभर आग होती तर बोलायला तोंड नव्हतं का? शिकलेली ना ती?" मी पट्ट्यावरून बाळाच्या पाठीवर हात ठेवून बसले. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज अक्षर वाकडं येतंय.

दुपारी छातीवर होती. मी तिला आमच्या मळ्याचं सांगत होते, कुठं झेंडू, कुठं मेथी, पंप कुठं. सांगता सांगता वाटलं, काहीतरी थांबलं. काय ते कळेना. मग कळलं, तिचा श्वास! माझ्या छातीवर तिची छाती हलत नव्हती. मशीन ओरडायला लागलं. ओठ निळसर. मी पाठ चोळली, वर-खाली, वर-खाली. तृप्ती पळत आली, तळपायाला टिचकी मारली. एक... दोन... आणि घेतला! असा घेतला जसं कुणी झोपेतून दचकून उठावं.

श्वास घ्यायचा विसरते म्हणे! पोटात घ्यावा लागत नव्हता, सवय नाही. लवकर आलेल्या बाळांचा मेंदू अजून शिकत असतो. त्यासाठी औषध काय देतात माहितीय? कॉफीतलं! कॉफीनं जी तरतरी येते ना, तेच काढून थेंब-थेंब देतात. बाराशे ग्रॅमच्या जिवाला कॉफी!

आपण रोज श्वास घेतो, त्याचं कुणी कौतुक करत नाही. मी आज केलं. खुर्चीत बसून माझे स्वतःचेच मोजत राहिले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

साधनाचा ताप गेला चार दिवस झाले. आज वर आणली. पहिल्यांदा लेक छातीशी. मीच पट्टा बांधून दिला, मान कशी ठेवायची दाखवलं. बाळानं तिचा वास घेतला, आणि तोंड हलवायला लागलं, नळी असूनसुद्धा! साधना रडत होती आणि हसत होती.

खरं लिहू का? माझ्या छातीवर गार वारं लागलं. दहा दिवसांत माझीच झाली होती ती. स्वतःची लाज वाटली. जिची आहे तिला दिली, यात गेलं काय माझं? मग साधना म्हणाली, "आत्याबाई, मला आठ तास नाय बसवणार. अर्धे तुमचे." अर्धे माझे!

६ मार्च, शुक्रवार

आज आयांच्या खोलीत डॉक्टरीणबाई आल्या, सगळ्यांना बसवून सांगितलं, बाळं लवकर का येतात. मी पुढंच बसले.

शेजारच्या पलंगावरची बाई आहे, तिचं जुळं, पोटात जागाच पुरली नाही. कोपऱ्यातल्या मास्तरीणबाईंचं बीपी चढलं, डोकं दुखायचं, पाय सुजायचे, त्यांना वाटलं उभं राहून शिकवल्यामुळं. एक पोर आहे, मोजून अठराची, अंगात रक्तच नाही, पहिलं मूल अजून पायात घोटाळतंय आणि हे दुसरं. डॉक्टरीणबाई तिच्यावर नाही रागावल्या, तिच्या सासूवर रागावल्या! म्हणाल्या, दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षं जाऊ द्या, मळा पळून जात नाही. सासूनं पदर तोंडाला लावला. मी पण लावला, उगीच.

मग म्हणाल्या, कितीतरी जणींचं कारण सापडतच नाही. सगळं नीट केलं तरी बाळ लवकर येतं. त्या बायांनी स्वतःला खात बसू नये. पण काही गोष्टी हातातल्या आहेत, लघवीची जळजळ, अंगावरून पांढरं जाणं, ताप, हे अंगावर काढू नका. जंतू असतात, खालून वर चढतात, पिशवीला सूज येते आणि वेळेआधी पाणी फुटतं. साध्या गोळ्यांनी बरं होतं. पोटुशीच्या गोळ्या वेगळ्या असतात, बाळाला चालतात त्या. आणि पोट राहून राहून कडक व्हायला लागलं, कंबर लाटांसारखी दुखायला लागली, तर घरी तेल चोळत बसायचं नाही, निघायचं. वेळेत आलात तर कळा थोड्या थांबवता येतात, तेवढ्यात फुप्फुसांच्या सुया बसतात.

तेल चोळत! माझ्याकडं बघून बोलल्या असं वाटलं. नसतील. त्यांना काय माहीत.

साध्या गोळ्यांनी बरं होतं. दिवसभर हेच एक वाक्य डोक्यात.

११ मार्च, बुधवार

नळी काढली. बोंडल्यानं, चोचीच्या वाटीनं दूध! मी म्हटलं हे असल्या मोठ्या दवाखान्यात काहीतरी नवीन यंत्र आणतील, तर आणलं ते बोंडलंच. गोरक्षला मी पाजलं तसलंच, फक्त हे स्टीलचं, उकळून घेतलेलं. गिळते! मधे थांबून श्वास घेते, परत गिळते. दोन्ही कामं एकदम करायला शिकली.

पंधराशे सत्तर ग्रॅम.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं. एकदाचं.

दुपारी आम्ही तिघी. साधनाच्या छातीवर बाळ, मी आणि विहीणबाई बाकावर. विहीणबाईंनी परत तेच काढलं, "डॉक्टरांपुढं मान खाली घालायची वेळ आणली पोरीनं. जळत होतं तर—"

मी म्हटलं, "विहीणबाई, तिला बोलू नका. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उन्हाळी आहे म्हणाले ती मी. धन्याचं पाणी दिलं ते मी. लघवी तपासायला पाठवलं नाही तीही मीच. कंबर दुखली तेव्हा वीट गरम केली. ती डॉक्टरांपुढं खोटं बोलली ते मला झाकायला."

वाटलं आता विहीणबाई उठतील, पोरीला आणि नातीला येवल्याला घेऊन जातील. हक्क होता त्यांचा.

विहीणबाईंचा चेहरा असा उतरला की मलाच भीती वाटली. साधनाकडं न बघता हळूच म्हणाल्या, "ती मला फोनवर बोलली होती. मी म्हटलं, आत्याबाईंनी धने दिले ना? झालं तर. वाळ्याचं पाणी पण घे म्हटलं."

दोघी! तीन आठवडे दोघी एकाच बाकावर बसून एकच गोष्ट लपवत होतो! आणि मधे ती पोर, दोघींचं झाकत होती.

साधना म्हणाली, "झालं का तुमचं? हळू बोला, ती झोपलीय." मग बाळाची टोपी सारखी करत, "दोघींनी सांगितलं म्हणून मला खरं वाटलं हो. तुमच्यापैकी एकीनं जरी म्हटलं असतं ना, चल दाखवून येऊ..."

दोघी आया, दोघींच्या आयांनी शिकवलेलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. आणि तरी बाळ दहा आठवडे आधी आलं. मी तिचे पाय धरायला गेले तर म्हणाली, "आत्याबाई, पाय कशाला? हिला धरा. माझे तास संपले."

मग मी डॉक्टरीणबाईंनाही जाऊन सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही मला सांगितलंत, आता गावात सांगा."

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. घरी ह्यांनी एकट्यानं गुढी उभारली, वाकडी, फोटो पाठवला. सकाळी डोळ्यांचे डॉक्टर आले होते. लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या आतल्या शिरा बिघडू शकतात, वेळेत बघावं लागतं. नीट आहेत! पंधरा दिवसांनी परत दाखवायचे. सतराशे ऐंशी ग्रॅम.

२४ मार्च, मंगळवार

घरी!

एकोणीसशे वीस ग्रॅम. साधना तिला पट्ट्यात बांधून गाडीत बसली. घरीसुद्धा असंच धरायचं, दोन-अडीच किलो होईपर्यंत. आंघोळ नाही, घुटी नाही, मध नाही, धुरी नाही. येईल त्यानं आधी हात धुवायचे, सर्दीवाल्यानं उंबऱ्याबाहेरून बघायचं. मी दारात पाण्याची बादली आणि साबण ठेवलाय. सगळी गल्ली हात धुऊन गेली!

डॉक्टरीणबाईंनी साधनाला पुढचंही सांगितलं. एकदा लवकर झालं की पुढच्या वेळीही भीती असते. म्हणून आधी दोन वर्षं जाऊ द्यायची. दिवस राहिले की पहिल्या महिन्यापासून यायचं, मागचे कागद घेऊन, लघवी वेळोवेळी तपासायची, सोनोग्राफीत पिशवीचं तोंड मोजायचं, ते आखूड असलं तर औषध असतं, टाका असतो. गोरक्षनं सगळं मोबाईलमध्ये उतरवलं. मी वहीत.

संध्याकाळी सगुणाबाई आल्या. दारातच म्हटलं, आत या, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या बयाबाई, बाळ दाखवा." हात धुऊन मग!

५ एप्रिल, रविवार

सकाळी तृप्ती सिस्टरचा फोन. सुरगाण्याकडची बाई, बाळंत झाल्यापासून शुद्ध नाही. बाळ नऊशे ऐंशी ग्रॅम. घरचं बाईमाणूस कुणी नाही. बाप आहे, त्याला धरायला शिकवतात, पण एवढंसं बाळ उरावर घ्यायला तो भितो. त्यानंच विचारलं म्हणे, कुणाची तरी आजी मिळंल का.

"याल का, आजी? डॉक्टरांनी हो म्हटलंय."

साधनानं माझी पिशवी भरूनही ठेवली. निघते.